ताकद गाडीची, मालकी कोणाची?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या आसावरील डिफरन्शियल काढून त्याजागी अधिक मजबूत डिफरन्शियल बसविण्याचा उद्योग अमेरिका, जपान आणि युरोपमध्ये गेली अनेक वर्षे सुरू आहे. वरकरणी हा हौशी मंडळींचा छंद वाटतो. प्रत्यक्षात विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाचा हक्क कुठपर्यंत चालतो आणि त्याची जबाबदारी कुठे सुरू होते, हा मोठा प्रश्न त्यात दडला आहे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा या जपानी कंपनीने एक छोटी, दोन आसनी, उघड्या टपाची गाडी जगापुढे मांडली. अमेरिकेत ‘मिआटा’ आणि इतर अनेक देशांत ‘एमएक्स-५’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. वजन हजार किलोंच्या आत, इंजिन अवघे १.६ लिटरचे आणि किंमत मध्यमवर्गीय अमेरिकनाला झेपेल अशी. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतका खप दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या वाट्याला आलेला नाही.

या गाडीच्या पहिल्या आवृत्तीत मात्र एक मर्म कच्चे राहिले होते. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधील मोठे दंतचक्र केवळ सहा इंच व्यासाचे होते. मूळ इंजिनाच्या ११५ अश्वशक्तीच्या आसपासच्या ताकदीला ते पुरेसे होते. तथापि, गाडी स्वस्त, हलकी आणि चालवायला मोठी गमतीची असल्याने हौशी मालकांनी तिला टर्बोचार्जर जोडायला सुरुवात केली. इंजिनाची ताकद दीडपट-दुप्पट झाली आणि सहा इंची दंतचक्राचे दात तुटू लागले. १९९४ साली माझदाने १.८ लिटरचे इंजिन दिले, तेव्हा सोबत सात इंची डिफरन्शियलही दिले. तेव्हापासून ‘सहा काढा, सात बसवा’ हा या गाडीच्या चाहत्यांमध्ये जणू पहिला संस्कार ठरला.

बिघाडाचे गणित

डिफरन्शियल म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविली, तर त्यांपैकी एक चाक घासत जाईल. ही अडचण सोडविणारी दंतचक्रांची रचना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या गाडीसाठी केली. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्याला ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात, ती जोडी याच पेटीत असते. लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरविते. त्यामुळे फिरण्याचा वेग कमी होतो आणि पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, त्याच प्रमाणात वाढतो.

आता आकडे पाहू. मिआटाच्या १.६ लिटर इंजिनाचा टॉर्क सुमारे १३६ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो ३.१३६ पट होतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर सुमारे ४२५. पुढे डिफरन्शियलमध्ये तो आणखी ४.३ पट होतो. मागच्या आसावर पोहोचेपर्यंत मूळचे १३६ न्यूटन-मीटर १,८०० च्या पलीकडे गेलेले असतात. हा सारा भार एका वेळी क्राउनच्या मोजक्या दातांवर येतो.

येथे एक प्रश्न कोणीही विचारील. इंजिनाची ताकद दुप्पट केली तर हा भारही दुप्पट होणार का? उत्तर ‘नाही’ असे आहे. चाकाची रस्त्यावरील पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरते आणि भार त्यापुढे वाढत नाही. म्हणजे डिफरन्शियलला किती सोसावे लागेल, याची कमाल मर्यादा इंजिनापेक्षा टायर आणि गाडीचे वजन ठरवितात. हजार किलोंच्या आतल्या या गाडीत सामान्य टायरची पकड पहिल्या गिअरमध्येच जवळपास संपते.

मग दात तुटतात ते का? त्याची कारणे तीन. एक, मूळ इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये आसावर जेमतेम १,१०० न्यूटन-मीटर देत होते. दुप्पट ताकदीचे इंजिन तेथेच २,२०० देऊ लागते. जो कमाल भार पूर्वी निघताना क्षणभर येत असे, तो आता दुसऱ्या गिअरमध्येही येतो आणि अधिक काळ टिकतो. दोन, ताकद वाढविणारा मालक सहसा टायरही शर्यतीचे, अधिक पकडीचे बसवितो. म्हणजे घसरून सुटका करून घेण्याची वाटच बंद होते. तीन, क्लच एकदम सोडल्यावर बसणारा हादरा. इंजिनाच्या फिरत्या चाकात साठलेली ऊर्जा क्षणार्धात दातांवर आदळते. पोलाद स्थिर भार सोसते, परंतु अशा घणाच्या घावांनी ते थकते आणि एक दिवस मोडते.

बळकटी सापेक्ष असते

या विषयातील एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने २००४ च्या वर्षासाठी कॅडिलॅक सीटीएस-व्ही ही ४०० अश्वशक्तीची गाडी बाजारात आणली. तिचे गेट्राग बनावटीचे डिफरन्शियल हे तिचे नाजूक अंग म्हणून लवकरच प्रसिद्धीस आले. जोराने निघताना मागची चाके थडथड उडत आणि त्या आघातांनी डिफरन्शियल निकामी होई. त्या गाडीच्या मालकांनी अधिक दणकट पेट्या शोधल्या.

गंमत अशी की, मिआटामध्ये अमेरिकन व्ही-८ इंजिन बसविणाऱ्यांनी याच सीटीएस मालिकेतील गेट्राग डिफरन्शियलला ‘मजबूत’ म्हणून पसंती दिली. एका गाडीत जो भाग दुबळा म्हणून बदनाम झाला, तोच दुसरीत भक्कम आधार ठरला. यात विसंगती काहीच नाही. कॅडिलॅकचे वजन साडेसतराशे किलोंच्या घरात. व्ही-८ बसविलेली मिआटा तिच्यापेक्षा कितीतरी हलकी. वजन कमी म्हणजे टायरवरचा दाब कमी, दाब कमी म्हणजे पकड कमी आणि पकड कमी म्हणजे दातांवरचा कमाल भार कमी. कोणताही सुटा भाग स्वतःपुरता बळकट किंवा दुबळा नसतो. तो ज्या रचनेत बसतो, तिच्या संदर्भातच त्याची बळकटी ठरते.

निसानच्या गाड्यांची कहाणीही अशीच आहे. १९७० च्या दशकातील डॅटसन झेड गाड्यांमध्ये सुरुवातीला ‘आर-१८०’ डिफरन्शियल होते. नावातील आकडा क्राउनचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. पुढे त्याच मालिकेत ‘आर-२००’ आले आणि जुन्या गाड्यांचे मालक नव्या गाड्यांच्या भंगारातून ते मिळवू लागले. केवळ वीस मिलिमीटरचा फरक. परंतु दातांची लांबी-जाडी वाढली की सोसण्याची क्षमता त्याहून अधिक प्रमाणात वाढते.

एक बदलले की दुसरे

हा बदल म्हणजे चार नटबोल्ट काढून दुसरी पेटी चढविणे, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. मिआटाचे सात इंची डिफरन्शियल बसविताना प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांकडे जाणारे दोन्ही हाफ शाफ्ट बदलावे लागतात, कारण जोडणीच्या चकत्या वेगळ्या आहेत. जुन्या पेटीचे प्रमाण ४.३ आणि नव्या पेटीचे ४.१ असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. या गाडीचा वेगदर्शक काटा गिअरबॉक्सवरून चालतो. प्रमाण बदलल्यावर तो खऱ्या वेगापेक्षा सुमारे पाच टक्के कमी वेग दाखवितो. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचा चालक आपण ९५ ने जात आहोत अशा समजुतीत राहतो. वेगदर्शकाचे छोटे दंतचक्र बदलून हा दोष दूर करता येतो. परंतु त्याचे भान असेल तरच.

खरी जोखीम त्यापुढची आहे. दात तुटेनासे झाले म्हणजे ताकद नाहीशी झाली असे नव्हे. ती पुढच्या किंवा मागच्या भागावर जाते. डिफरन्शियल भक्कम केले की हाफ शाफ्ट तुटतो, तो भक्कम केला की गिअरबॉक्सचे दात बोलू लागतात आणि सर्व काही भक्कम केले की गाडीचा सांगाडाच ताण घेऊ लागतो. बीएमडब्ल्यूच्या ‘ई-४६’ पिढीतील थ्री सीरिज गाड्यांमध्ये मागचा आस ज्या पत्र्याच्या तळाला जोडलेला असतो, त्या तळालाच भेगा पडल्याचे प्रकरण जगभर गाजले. त्या गाड्या तर कारखान्यातून बाहेर पडल्या तशाच होत्या. मग घरच्या गॅरेजमध्ये ताकद दुप्पट केलेल्या गाडीचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

मोटार कंपन्यांचे अभियंते या गोष्टींचा विचार करीत नाहीत असे नाही. किंबहुना एखादा भाग मुद्दाम बेताचा ठेवणे, हाही अभियांत्रिकीतील शहाणपणाचा भाग असतो. स्वस्त क्लच घसरला तर महागडा गिअरबॉक्स वाचतो. त्यामुळे ‘कंपनीने कंजूषपणा केला, आम्ही तो दुरुस्त केला’ ही हौशी मालकांची भूमिका नेहमीच बरोबर असते असे म्हणता येणार नाही. तसेच ‘आम्ही दिले तेच अंतिम’ ही कंपन्यांची भूमिकाही टिकणारी नाही. माझदाने स्वतःच पाच वर्षांत सहा इंचांवरून सात इंचांवर उडी घेतली, हे विसरता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

गाडीतील बदलांबाबत निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग स्वीकारले आहेत. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर खरा धाक आहे तो धूर-उत्सर्जनासंबंधीच्या कायद्याचा. डिफरन्शियलचा धुराशी थेट संबंध नसल्याने त्या बाबतीत मालकाला बरीच मोकळीक आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग बसविला, एवढ्याच कारणाने उत्पादकाला हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळे बिघाड झाला, हे कारण असावे लागते.

जर्मनीचा मार्ग वेगळा आहे. तेथील वाहन नियमांच्या कलम १९ नुसार धोका निर्माण करू शकणारा बदल केल्यास गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवाना संपुष्टात येतो. मात्र टीयूव्ही किंवा डेक्रासारख्या संस्थेच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली आणि कागदपत्रांत नोंद झाली की तीच गाडी पुन्हा कायदेशीर होते. थोडक्यात, बदलाला बंदी नाही, परंतु बिनतपासणीच्या बदलाला आहे. जपानमध्ये ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी नव्या खासगी गाडीसाठी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. १९९५ मध्ये तेथील सरकारने बदलांसंबंधीचे नियम सैल केले आणि सुट्या भागांच्या व्यवसायाला मोठीच चालना मिळाली. ब्रिटनने मूळ गाडीचा किती अंश शिल्लक आहे हे मोजण्यासाठी गुणांची पद्धत वापरली. नोंदणी कायम ठेवण्यासाठी किमान आठ गुण आवश्यक. त्यांत सांगाड्याला पाच, आसांना दोन आणि इंजिनाला केवळ एक. इंजिनापेक्षा आसाला अधिक महत्त्व देणारी ही पद्धत बरेच काही सांगून जाते.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याबाबत कडक आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ कायद्यात आले. कायद्याने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या रस्त्यांची आणि तपासणी यंत्रणेची अवस्था पाहता हा कडकपणा समजण्यासारखा आहे. तथापि, जर्मनीप्रमाणे ‘तपासा आणि नोंद करा’ ही वाट सामान्य मालकाला सहज उपलब्ध नसल्याने, बदल करणारे ते गुपचूप करतात. तपासणीची उत्तम यंत्रणा असलेली एआरएआयसारखी संस्था पुण्यात असताना ही वाट अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आजचा पेच

हा विषय आता ऐरणीवर येण्याची कारणे दोन. पहिले पुरवठ्याचे. सात इंची डिफरन्शियल ज्या मिआटांमधून निघते, त्या १९९४ ते २००५ या काळातील आहेत. भंगारात येणाऱ्या अशा गाड्या दरवर्षी कमी होत जाणार, हे उघड आहे. त्यात अमेरिकेने ३ मे २०२५ पासून आयात सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले. जपानशी झालेल्या करारानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये जपानी गाड्या आणि भागांवरील शुल्क १५ टक्क्यांवर आले. पूर्वी भंगारातून थोडक्या पैशांत भागणारा छंद आता खर्चिक झाला आहे. अशा वेळी पैसे वाचविण्यासाठी काही जण डिफरन्शियलमधील लहान दंतचक्रे वेल्डिंग करून जाम करून टाकतात. ड्रिफ्टिंगच्या बंदिस्त मैदानावर हे चालते. ओल्या रस्त्यावर, वळणावर मात्र अशी गाडी चालकाच्या हातात राहीलच याची खात्री नसते.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. यंत्रयुगातील गाडीत ताकदीची मर्यादा पोलादाची होती. ती दिसत होती, मोजता येत होती आणि पाना हातात घेऊन बदलता येत होती. नव्या गाड्यांत ही मर्यादा संगणकीय आज्ञावलीची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्सिडीजने अमेरिकेत आपल्या ईक्यूई आणि ईक्यूएस या विजेच्या गाड्यांसाठी वर्षाला १,२०० डॉलर भरून वेग वाढवून घेण्याची योजना जाहीर केली. मोटर तीच, दंतचक्रे तीच, आस तोच. पैसे भरले की कुलूप उघडते. रिव्हियनसारख्या कंपन्यांच्या चार मोटरांच्या गाडीत तर प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असल्याने चाकांमध्ये ताकद वाटून देणारे डिफरन्शियलच राहिलेले नाही. पेकरने दंतचक्रांवर सोपविलेले काम तेथे संगणक करतो.

म्हणजे प्रश्न उलटा झाला आहे. मिआटाच्या मालकाला कमी ताकदीचा भाग मिळाला होता, पण तो बदलण्याचे स्वातंत्र्यही मिळाले होते. नव्या मालकाला भरपूर ताकदीचा भाग मिळतो. ती ताकद वापरण्याची परवानगी मात्र मिळत नाही. सॅकरिनचा चहा पाजून साखरेचे पैसे मागावेत, तशातलाच हा प्रकार नव्हे काय? साखर तर कपाच्या तळाशी आधीच आहे. ढवळण्याचेच पैसे द्यायचे आहेत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी या बदलाची नोंद लवकर घेतली. २०१२ मध्ये त्यांनी दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ७५ टक्के मतदारांनी गाडी बिनतारी यंत्रणेने कंपनीकडे पाठवीत असलेली माहितीही मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या मेकॅनिकला मिळाली पाहिजे, या बाजूने मत दिले. मोटार कंपन्या लगोलग न्यायालयात गेल्या. कंपन्यांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा होता: बाहेरच्यांना यंत्रणा खुली केली तर कोणीही गाडीत घुसखोरी करील. हा युक्तिवाद पूर्णतः फोल नाही. परंतु सुरक्षिततेची काळजी आणि नफ्याची काळजी या दोन गोष्टी एकाच वाक्यात येतात तेव्हा त्या वेगळ्या करून पाहण्याची जबाबदारी कायदेमंडळांवर येते.

हक्क आणि हमी

यातून मार्ग काय? ‘माझी गाडी, माझी मर्जी’ ही घोषणा ऐकायला बरी वाटते. पण रस्ता सार्वजनिक आहे. मजबूत डिफरन्शियल बसविलेल्या गाडीचे ब्रेक त्या वेगाला पुरेसे आहेत का, वेगदर्शक खरे बोलतो का, पेटी पकडणारा सांगाडा तो ताण सोसेल का, हे प्रश्न समोरून येणाऱ्या माणसाच्या जिवाशी निगडित आहेत. त्यामुळे बदल करणाऱ्याने तो तपासून घेणे, त्याची नोंद करणे आणि विमा कंपनीला तो कळविणे ही किमान अपेक्षा आहे. त्याचबरोबर, असा तपासलेला बदल सरसकट गुन्हा ठरविण्याचे कारण नाही. सहाऐवजी सात इंची, कारखान्यातच तयार झालेले आणि त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीतले डिफरन्शियल नीट बसविलेली गाडी मूळ गाडीपेक्षा अधिक सुरक्षित असू शकते.

उत्पादकांनाही काही पथ्ये पाळावी लागतील. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या या गाड्यांचे पुनरुज्जीवन करण्याची आणि काही जुने भाग पुन्हा बनविण्याची योजना जाहीर केली. जुन्या ग्राहकाला वाऱ्यावर न सोडण्याचा हा मार्ग स्वागतार्ह आहे. भागाची क्षमता किती, तो कोणता भार सोसण्यासाठी बनविला आहे, ही माहिती खुली केली तर हौशी मालकही अंधारात तीर मारणार नाहीत.

तीस वर्षांपूर्वी आपल्या मिआटाखाली पाठीवर झोपून, तेलाने माखलेल्या हातांनी सात इंची पेटी चढविणाऱ्या माणसाला त्यातले धोके ठाऊक नव्हते असे नाही. त्याला एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती: पेटी तुटली तरी ती त्याची होती आणि चढविली तरी ती त्याचीच होती. पुढच्या पिढीच्या मालकाला हे वाक्य म्हणता येईल की नाही, याचा निर्णय कंपन्यांच्या संगणक कक्षात होऊ द्यायचा, की लोकप्रतिनिधींच्या सभागृहात करायचा, हे ठरविण्याची वेळ आली आहे.